रतकचह

चाचणीला ५३ मुलं बसली होती. त्यांतल्या ५१ जणांनी एका प्रश्नाचं अगदी एकसारखं उत्तर लिहिलं आणि मी सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळा झालो. एकानं जागा कोरी सोडली होती. एका मुलीनं वेगळंच काहीतरी लिहिलं होतं, तिच्या पेपरवर लाल शाईनं भोपळा काढला. पेपर वाटले त्या दिवशी ती तास संपेपर्यंत गप्प बसली. वर्ग रिकामा झाल्यावर टेबलापाशी आली, उत्तरपत्रिकेशेजारी प्रश्नपत्रिका ठेवली आणि म्हणाली, “सर, ह्यात पेरॉक्साइड कुठंय?”

नव्हतं. मी प्रश्नपत्रिका दोनदा वाचली, तरी नव्हतं.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा ऑरगॅनिकचा पेपर होता. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया झाली तर काय मिळतं, हा त्यातला प्रश्न. ब्रोमीन मधल्या कार्बनला जाऊन बसतो आणि २-ब्रोमोप्रोपेन तयार होतं, हा मार्कोव्हनिकॉवचा नियम. पण भांड्यात पेरॉक्साइड असेल तर सगळं उलटतं, ब्रोमीन टोकाच्या कार्बनला लागतो आणि १-ब्रोमोप्रोपेन मिळतं. मला पेरॉक्साइडवालं विचारायचं होतं. ‘इम्पॉर्टंट’ म्हणून आठवडाभर आधी मीच वर्गात ते सांगून ठेवलं होतं. हातानं लिहिलेल्या कच्च्या कागदावर प्रश्न दोन ओळींचा होता. टाइप करताना पहिली ओळ झाली, दुसरीसाठी मान वर केली आणि नजर पडली ती तिसऱ्या ओळीवर. ‘इन प्रेझेन्स ऑफ पेरॉक्साइड’ कागदावरच राहिलं. ५१ जणांनी प्रश्न न वाचता पाठ केलेलं उत्तर लिहिलं, मीही प्रश्न न वाचताच तपासलं. वाचला तो तिनं एकटीनं, आणि शून्य मिळालं तेही तिलाच.

मी तिचे मार्क वाढवून दिले. ५१ जणांचे मात्र कापले नाहीत. कापायला गेलो असतो तर का कापले ते सांगावं लागलं असतं.

माझ्या चुकांना एक खोड आहे. त्या सुट्या येत नाहीत. एकीच्या पदराला दुसरी बांधलेली असते, आणि ओढत गेलं की थेट १९९३ सालच्या नांदेडला पोचायला होतं.

त्याच्या आधीची दोन वर्षं लातूरला काढली होती. आमचं गाव अहमदपूरच्या बाजूचं. दहावीला बरे मार्क पडले की पोरगं लातूरला टाकायचं, हे तेव्हा गावोगाव ठरून गेलेलं. लातूर पॅटर्नचा तो भराचा काळ. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचं नाव आमच्या गावातल्या चहाच्या टपरीवरही घेतलं जायचं. पुढं १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पहिले कुलगुरूही तेच झाले. सीईटी यायला अजून वेळ होता, ती १९९९ ची. मेडिकल, इंजिनिअरिंगचं सगळं बारावीच्या मार्कांवर. म्हणून जादा तास, आठवड्याला चाचण्या, मागच्या वर्षांचे पेपर घोटून घोटून सोडवणं. त्या पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. त्यानं आमच्या भागातल्या शेकडो घरांत पहिला डॉक्टर दिला. माझी गोष्ट एवढीच, की त्या सगळ्यातून मी फक्त घोटणं उचललं. अभिक्रिया मला चित्रासारख्या पाठ असायच्या. बाणाच्या डावीकडं काय, उजवीकडं काय, बाणाच्या डोक्यावर काय. बाण का जातो, हे विचारायला सवड कुणाला होती? केमिस्ट्रीत चांगले मार्क पडले, फिजिक्सनं मारलं. मेडिकलचं राहिलं आणि मी नांदेडला बी.एस्सी.ला आलो.

आण्णांनी येतानाच सांगितलं होतं, “डिग्री होईल तवा होईल, आधी टायपिंग कर. तहसिलात कारकून तरी होशील.” त्यांचं काही चुकीचं नव्हतं. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं शासकीय प्रमाणपत्र मागतातच. ते सर्टिफिकेट म्हणजे आमच्याकडं अर्धी नोकरी समजत.

वजिराबादेत एका दुकानावर माडी होती, तिथं टायपिंगचा क्लास. सकाळी सहाची बॅच. जिना चढायच्या आधीच टकटक ऐकू यायची. लाकडी बाकांवर गोदरेजची आणि रेमिंग्टनची जुनी मशिनं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळा बल्ब. पहिले पंधरा दिवस एकच मंत्र: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानंच्या पानं. सरांचं सांगणं दोनच वाक्यांचं. बोटं आपापल्या कळीवर ठेवायची, आणि डोळे उजवीकडं ठेवलेल्या कागदावर. खाली बघायचं नाही.

मला ते जमेना. जमेना म्हणण्यापेक्षा मला घाई होती. करंगळीनं ‘ए’ दाबला तर तो कागदावर धड उमटायचाच नाही. त्या मशिनच्या कळा म्हणजे बोटभर खोल विहिरीच, आणि करंगळीत काय जीव असतो! मग मी दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी, खाली बघून, धडाधड सुरू केलं. महिन्याभरात माझा वेग शेजारच्या पोरांपेक्षा जास्त झाला. मी खूश.

सर मात्र कुणाच्या हाताकडं बघतच नसत. ते कागद घेऊन खिडकीपाशी जात आणि उजेडाकडं धरत. एकदा माझा कागद असाच धरला.

“करंगळी वापरायलास का?”

“हो सर.”

“खोटं बोलायलास. तुझा ए बघ कसा काळाकुट्ट आलाय. एफ जेवढा काळा, तेवढाच ए काळा. करंगळीचा ए फिका पडतो बाबा, वर्षभर तरी.” मग कागद माझ्यासमोर टाकून, “खाली काय बघायलास सारखं? तिथं काय पडलंय का?”

पूर्णविरामांच्या जागी कागदाला भोकं पडली होती. त्यांतून उजेड येत होता.

त्यांनी पुठ्ठ्याचं एक खोकं कापून माझ्या हातांवर पालथं घातलं. चार दिवस मी खोक्याखाली हात घालून रडतखडत टाइप केलं, वेग तिनावर आला आणि पाचव्या दिवशी प्रॅक्टिकलचं कारण सांगून बॅच बदलून घेतली. संध्याकाळच्या बॅचला सर नसायचे.

इंग्रजी ३० च्या परीक्षेत जे व्हायचं तेच झालं. उताऱ्याची ओळ वाचायची, मान खाली, पाच-सहा शब्द दणादण, मान वर, आता कुठं होतो आपण? एका वरखालीत दीड ओळ गायब झाली. नापास. सहा महिन्यांनी पुन्हा बसलो आणि कसाबसा निघालो. पण इंग्रजी ४० कधी झालं नाही, मराठीच्या वाटेला तर गेलोच नाही. कारकुनाच्या जाहिराती आल्या तेव्हा माझ्या हातात इंग्रजी ३० चं सर्टिफिकेट होतं. ते कुणी मागत नव्हतं. चाळिसाचा हिशेब मिनिटाला २०० ठोके, पाच ठोक्यांचा एक शब्द. चार बोटांना तेवढं झेपत नाही, मान वरखाली करत तर नाहीच.

त्याच वर्षी कॉलेजात ह्याच्या नेमकं उलटं चाललं होतं, हे मला फार नंतर कळलं. टायपिंगला जिथं बघायचं नव्हतं तिथं मी बघत बसलो, आणि प्रयोगशाळेत जिथं बघायचं होतं तिथं ढुंकूनही बघितलं नाही.

ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला एका पुडीत कंपाउंड मिळायचं आणि ते ओळखायचं असायचं. बहुतेक पांढरी पूड. ती जाळून बघायची, काजळी धरते का. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात टाकायची, फसफसली तर ॲसिड. फेरिक क्लोराइडनं रंग आला तर फिनॉल. सोडियमबरोबर वितळवून नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन शोधायचं. हे सगळं झालं की शेवटी मेल्टिंग पॉइंट, म्हणजे तोंडाशी आलेल्या उत्तरावर शिक्का. आम्ही पोरांनी क्रम फिरवला होता. आधी मेल्टिंग पॉइंट काढायचा. पाठ केलेल्या यादीत नाव बघायचं. मग त्या नावाला शोभतील अशी निरीक्षणं मागं जाऊन भरायची. नॅफ्थॅलीन ८०, अल्फा-नॅफ्थॉल ९६, ॲसिटॅनिलाइड ११४, बेंझोइक १२२, सिनॅमिक १३३. झोपेत उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

वार्षिक प्रॅक्टिकलला मला आली ती किंचित मळकट पांढरी पूड. बारीक काचनळीत भरली, दोऱ्यानं थर्मामीटरला बांधली, लिक्विड पॅराफिनच्या नळीत सोडली आणि खाली बर्नर. पारा चढता चढता एका जागी पूड चिंबली आणि काचेसारखी झाली. १२२. माझ्या मनात घंटा वाजली, बेंझोइक! पाच मिनिटांत पेपर भरला. बायकार्बोनेटच्या रकान्यात लिहिलं, ‘जोरात फसफस’. ‘जोरात’ हा शब्द मी स्वतःच्या मनानं घातला होता.

बाहेरून आलेले परीक्षक उंच, शांत गृहस्थ होते. त्यांनी पान वाचलं, पुडी उचलून वास घेतला आणि म्हणाले, “बायकार्बोनेट आण.” परीक्षानळीत द्रावण घेतलं. चिमूटभर पूड टाकली. पूड तळाला गेली आणि तिथंच बसून राहिली.

“कुठंय तुझी फसफस?”

“होती सर.”

“कधी?”

ह्या प्रश्नाला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “बर्फ आहे का?” मार्चचा महिना, आमचा अटेंडंट कॉलेजसमोरच्या रसवंतीतून पिशवीत बर्फ घेऊन आला. माझ्याच हातानं त्यांनी करवून घेतलं. ॲनिलीन हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, नळी बर्फात. गार केलेलं सोडियम नायट्राइट त्यात थेंब थेंब. दुसऱ्या नळीत माझी पूड कॉस्टिक सोड्यात विरघळवलेली. “आता हे त्यात ओत. सावकाश.” ओतलं, आणि नळीच्या वरच्या अंगाला एकदम शेंदूर फुटला. शेंदूर म्हणावं तर जास्त लाल, कुंकू म्हणावं तर त्यात केशरी झाक. तो रंग तळापर्यंत उतरत गेला. शेजारच्या टेबलावरची पोरं परीक्षा सोडून बघायला लागली.

बीटा-नॅफ्थॉल. मेल्टिंग पॉइंट १२३. यादीत बेंझोइकच्या लगेच खाली, एका अंशाच्या अंतरावर. आमच्या त्या थर्मामीटरवर दोघांत फरक करणं कुणालाही जमलं नसतं, म्हणून तर बायकार्बोनेटची पायरी आधी ठेवलेली असते. कापडाच्या रंगांचं एक अख्खं घराणं असल्या क्रियेतून निघालं, हे पुस्तकात माझ्या पाठ होतं. वर्षभरात रंग मात्र एकदाही पाहिला नव्हता. त्यांनी मला काठावर पास केलं.

एवढं झाल्यावर माणूस सुधारतो असं कथेत असतं. मी एम.एस्सी. झालो, लातूरला तासिका तत्त्वावर लागलो, पुढं कायम झालो, आणि जे माझं झालं होतं तेच पोरांना द्यायला लागलो. वेळच नसतो, हे कारण खरंही होतं. तासिका तत्त्वावरच्या मास्तरला तासाप्रमाणं पैसे. पोरांना डोळे उघडून पुडीकडं बघायला शिकवण्यात महिना घालवला तर पोर्शन कोण संपवणार?

सगळ्यात लाज वाटते ती युरियाची. ऑरगॅनिकचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पानावर व्होलर. १८२८ साली त्यानं प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि सजीवांतली द्रव्यं सजीवांतूनच येतात ही समजूत ढासळायला लागली. दरवर्षी पहिल्या तासाला मी हे डिक्टेट करायचो. समोर बसलेल्या निम्म्याहून जास्त मुलांनी सुट्टीत बापाबरोबर युरियाची पोती डोक्यावरून उतरवलेली असायची. एका वर्षी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, ह्योच का युरिया, पोत्यावर ४६ लिहितेत तो?” वर्ग हसला. मी म्हणालो, “ते खत वेगळं, आपण इथं केमिस्ट्री शिकतोय.” आणि पुढं गेलो.

खत वेगळं नव्हतं. युरियाचा रेणुभार ६०, त्यात नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे २८. ६० त २८, साधारण ४६ टक्के. तो हिशेब फळ्यावर केला असता तर त्या पोराला पोत्यावरचा आकडा आणि पुस्तकातला रेणू एकाच जागी दिसले असते. मला त्या घडीला तो हिशेब सुचला नाही. सुचला नाही हे कळू नये म्हणून खत वेगळं केलं. तो मुलगा नंतर फारसं काही विचारायचा नाही.

पेरॉक्साइडच्या प्रकरणाकडं पुन्हा येतो, कारण त्यात एक गंमत आहे आणि ती मी त्या मुलीला सांगायला हवी होती. मार्कोव्हनिकॉवचा नियम १८६९-७० च्या सुमाराचा. पुढची साठेक वर्षं मोठमोठे केमिस्ट हायड्रोजन ब्रोमाइडच्या ह्या क्रियेवर डोकं धरून बसले होते. एकाला एक पदार्थ मिळे, दुसऱ्याला दुसरा, आणि काही वेळा त्याच माणसाला आज हा आणि उद्या तो. १९३३ मध्ये शिकागोत खराश आणि मेयो यांनी उलगडा केला. जुन्या, हवा लागलेल्या बाटलीत नकळत पेरॉक्साइड तयार झालेलं असे आणि तेच सगळा खेळ फिरवी. म्हणजे त्या लोकांचीही पेरॉक्साइडची ओळ वाचायची राहून गेली होती, फक्त त्यांची ओळ बाटलीत होती. आणि त्यांनी निदान जे मिळालं ते लिहून ठेवलं. जुळत नाही म्हणून खोडलं नाही. हे मला माहीत होतं. मी तिला म्हणालो, “टायपिंग मिस्टेक आहे, सोड.”

मग २०१६. लातूरचं नाव त्या साली देशभर झालं ते पाण्याच्या रेल्वेमुळं. मांजरा धरण कोरडं, नळ बंद, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याचे डबे आले. आमची प्रॅक्टिकलं त्याआधी, टँकरच्या पाण्यावर चाललेली. प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाणी करायचं यंत्र असतं, ते लिटरभर शुद्ध पाणी द्यायला कितीतरी लिटर साधं पाणी वाहून घालवतं. मी विभागप्रमुख होतो. यंत्र बंद ठेवा, टँकरचं पाणी गाळून कॅनमध्ये भरा आणि तेच डिस्टिल्ड म्हणून वापरा, असं मीच सांगितलं. त्या परिस्थितीत चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. चूक पुढं आहे.

सोडियम फ्यूजनला सोडियमचा तुकडा आणि कंपाउंड बारीक नळीत लालबुंद होईस्तोवर तापवतात आणि ती नळी तशीच पोर्सेलीनच्या बशीतल्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवतात. नळी तडकते, पाण्यात अर्क उतरतो. तो गाळून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचा आणि सिल्व्हर नायट्रेट टाकायचं. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोरीन आहे. त्या दिवशी २२ मुलांची बॅच होती. कुणाला युरिया, कुणाला नॅफ्थॅलीन, कुणाला बेंझोइक. ह्यांतल्या एकातही क्लोरीन नसतो. आणि २२ च्या २२ वह्यांत लिहिलेलं, ‘क्लोरीन आहे’.

मी भडकलो. माझ्या पोरपणीच्या सगळ्या चोऱ्या मला त्यांच्या वह्यांत दिसल्या. एकमेकांचं बघून लिहिता, लाजा वाटत नाहीत का, वर्षभर हेच शिकवलं का, वगैरे. एक मुलगा मान खाली घालून एवढंच बोलला, “सर, आम्ही बघूनच लिहिलंय. नळीत बघून.” मी त्याला बाहेर काढलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर हात धुता धुता डोक्यात उजेड पडला. कॅनमधलं पाणी परीक्षानळीत घेतलं, ॲसिडचे दोन थेंब, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पांढरं. पाण्यातच क्लोराइड. विहिरी-बोअरच्या पाण्यात ते असणारच, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. नुसत्या पाण्यावर आधी तपासणी करून घ्यायची, तिला ब्लँक म्हणतात, हेही मीच शिकवतो. त्या २२ जणांनी आयुष्यात पहिल्यांदा पाठांतर बाजूला ठेवून डोळ्यांना दिसलं ते लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि प्रयोग पुन्हा करायला लावला. मुलांनी विचारलं, काल काय झालं होतं? मी म्हणालो, “सिल्व्हर नायट्रेट जुनं होतं.” बाटली नवीन होती, सील त्यांच्यासमोरच फोडलं होतं. कुणी काही बोललं नाही.

मराठीत टाइप करायचा प्रसंग आयुष्यात उशिरा आला. विभागात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा कृतीदेव फॉन्टवर मी नोट्स करायला लागलो, कळांवर चिकटवलेल्या अक्षरांच्या चिठ्ठ्या बघत. जवळजवळ १४० पानं झाली. त्या फॉन्टमध्ये एक मजा होती. ‘रसायन’ हा शब्द एकट्या उजव्या हातावर येतो: जे, एल, के, सेमीकोलन, यू. एवढा एकच शब्द मी न बघता टाइप करू शकायचो, इतक्या वेळा तो आला. पुढं मशिन बदललं, नव्यात तो फॉन्ट नव्हता, फाइल उघडली तर १४० पानं इंग्रजी अक्षरांचा भुगा. पहिल्याच ओळीत जे एल के सेमीकोलन यू. कागदावर छापून ठेवावं एवढीही अक्कल मला झाली नव्हती.

मग युनिकोड आलं आणि वेगळाच घोळ झाला. कृतीदेवात अक्षर दिसतं त्या क्रमानं टाइप करायचं, म्हणजे पहिली वेलांटी आधी आणि मग व्यंजन. युनिकोडात बोलतो तो क्रम, आधी व्यंजन आणि मग वेलांटी. माझी बोटं जुनीच. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाची सर्टिफिकेटं मी स्वतः टाइप केली, डोळे अर्थात कळांवर. पडद्यावर काय उमटतंय ते बघितलंच नाही. जाड, सोनेरी काठाच्या कागदावर छापून आणली आणि प्रमुख पाहुण्यांच्या हातून वाटली. कार्यक्रमानंतर एक मुलगी आली. “सर, माझं नाव किवता झालंय.” तिच्यामागं निकिता उभी होती. तिच्या नावाच्या आधी एक ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ, त्याला लोंबकळणारी वेलांटी, आणि पुढं ‘निकता’. दोघी हसत होत्या, हे त्यांचं मोठेपण. किवतानं तर वर्षभर वहीवर तेच नाव लिहिलं.

आता अगदी अलीकडचं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाच्या मुलांना कौशल्याचे अभ्यासक्रम आले आणि त्यांतला संगणकाचा, कीबोर्डचा भाग कुणी घ्यायचा यावर बैठक झाली. कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं, “सरांनी टायपिंग केलेलं आहे की.” प्राचार्यांनी विचारलं, केलंय ना? मी म्हणालो, “हो, नांदेडला.” एवढं खरं होतं.

म्हणून वयाच्या पन्नाशीला मी औसा रोडवरच्या एका क्लासला नाव घातलं. सकाळी सहाची बॅच घेतली. ओळखीचं कुणी भेटायला नको. शिकवायला बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट शिकवते, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एफ आणि जे वरचे बारीक उंचवटे तिनं माझं बोट धरून दाखवले. तीस वर्षं कीबोर्ड बडवतोय, ते उंचवटे मला धुळीचे वाटायचे.

आठवडाभर ती काही बोलली नाही. मग एक दिवस गळ्यातली ओढणी काढली आणि माझ्या दोन्ही हातांवर पसरली.

“सर, खाली बघू नका. समोर बघा. सोपा शब्द घ्या एखादा, तुमच्या रोजच्या वापरातला.”

मी समोर बघितलं. ओढणीखाली बोटं चाचपडली, उंचवटा सापडला, आणि उजवा हात आपसूक चालला. जे, एल, के, सेमीकोलन, यू. एवढा तरी येतो आपल्याला.

पडद्यावर उमटलं: रतकचह.

तिनं वाकून वाचलं. “हे काय आहे, सर?”